ऑपरेशन झालं म्हणजे दोष गेला असं नाही

पत्र खराडीहून आलं आहे. लिहिणाऱ्या वाचक तिथल्या एका कंपनीत मेडिकल कोडर आहेत, म्हणजे रुग्णांच्या कागदपत्रांतल्या आजारांना आणि उपचारांना ठरलेले कोड देतात. बी.एस्सी. झूलॉजी केलं, मग सीपीसी ही कोडिंगची परीक्षा झाली, दीड वर्ष अमेरिकेतल्या क्लिनिक्सचे ओपीडी चार्ट केले. तीन महिन्यांपूर्वी त्यांना मुलांच्या हृदयविकारांच्या इनपेशंट (दाखल रुग्णांच्या) टीममध्ये घेतलं. मागच्या ऑडिटमध्ये क्यूएकडून, म्हणजे काम तपासणाऱ्याकडून, महाधमनीच्या जन्मजात दोषांचे चार चार्ट चुकीचे म्हणून परत आले आणि त्यांची अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली गेली. त्या लिहितात: "क्यूए मला फक्त बरोबर कोड लिहून पाठवतो, का ते सांगत नाही. एका चार्टमध्ये तर मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. माझी मामेबहीण पुण्यातल्याच एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. ती म्हणते, 'क्यू२५.४ लिहून टाक, आम्ही तेच लिहितो.' मग माझं चुकतंय कुठे? आणि डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलाशाचे लेखी प्रश्न, किती पाठवायच्या? टीम लीड म्हणतात, जास्त क्वेरी गेल्या की क्लायंट नाराज होतो."

ताई, चारही चार्टचे तपशील तुम्ही नीट लिहून पाठवले, त्यामुळे नेमकं बोलता येतं. एक एक चार्ट घेऊ. हे सदर देवनागरीत असल्यामुळे कोडमधली अक्षरंही आम्ही देवनागरीत लिहिली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये भरताना ती अर्थातच रोमन अक्षरांत जातील.

आधी मामेबहिणीचा मुद्दा संपवू, कारण बराच गोंधळ तिथून येतो. क्यू२५.४ बद्दल ती बरोबर आहे आणि तुमचा क्यूएही बरोबर आहे. तुमची आणि तिची पुस्तकं वेगळी आहेत. आपल्याकडची रुग्णालयं जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची यादी वापरतात. तिथे कोआर्क्टेशनला (महाधमनी एका जागी आकुंचित असणं) क्यू२५.१, अट्रेसियाला (ती बंदच असणं) क्यू२५.२ आणि महाधमनीच्या इतर जवळजवळ सगळ्या जन्मजात दोषांना मिळून एकच क्यू२५.४ आहे. अमेरिकेची आयसीडी-१०-सीएम त्यावरच बेतलेली असली तरी तिला पुढे फांद्या फुटल्या आहेत. १ ऑक्टोबर २०१६ पासून तिथे क्यू२५.२ आणि क्यू२५.४ हे अपुरे कोड ठरले. पाचवा आकडा नसेल तर क्लेम दारातूनच परत येतो. तुमच्या दुसऱ्या चार्टमधली एक चूक एवढीच आहे.

त्या फांद्या तोंडपाठ करायच्या नाहीत, पण चित्र डोळ्यांसमोर हवं. क्यू२५.२१ म्हणजे कमान तुटलेली, क्यू२५.२९ म्हणजे महाधमनीचा इतर अट्रेसिया. क्यू२५.४१ महाधमनी नसणं, ४२ ती बारीक राहिलेली असणं, ४३ जन्मजात अन्युरिझम, म्हणजे भिंतीचा फुगा (यात रूट आणि सायनसचा अन्युरिझमही आला), ४४ जन्मजात रुंदावलेली, ४५ दुहेरी कमान, ४६ नागमोडी कमान, ४७ उजवीकडची कमान, ४८ हाताकडे जाणारी सबक्लेवियन धमनी भलत्या जागेहून निघणं, ४९ बाकीचे. क्यू२५.४० हा 'प्रकार लिहिलेला नाही' असा कोड आहे. इको झालेल्या मुलाच्या चार्टवर तो लावायची वेळ आली, तर इकोचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी पुन्हा उघडा. माहिती बहुतेक वेळा कुठेतरी असते, आपण तिथवर गेलेलो नसतो.

आता पहिला चार्ट. तुम्हाला सगळ्यात जास्त लागलाय तो हाच, आणि आमच्या मते महत्त्वाचाही हाच आहे.

चौदा वर्षांचा मुलगा, रक्तदाब वाढला म्हणून दाखल झाला. तान्हेपणी कोआर्क्टेशनचं ऑपरेशन झालेलं. दाखल करताना उजव्या हाताचा रक्तदाब १४८/८६, पायाचा ११२/७०. इकोत ऑपरेशनच्या जागी पाऱ्याच्या ३४ मिलिमीटरचा पीक ग्रेडियंट, म्हणजे त्या जागेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सर्वाधिक फरक. डॉक्टरांच्या ॲसेसमेंटमध्ये एकच ओळ: 'एचटीएन, एस/पी कोआर्क रिपेअर' (उच्च रक्तदाब, कोआर्क्टेशनची दुरुस्ती झालेली). तुम्ही झेड८७.७४ आणि आय१० (प्रायमरी, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे नसलेला, उच्च रक्तदाब) दिलं. क्यूएने ते खोडून क्यू२५.१ आणि आय१५.८ (दुसऱ्या आजारामुळे आलेला, सेकंडरी रक्तदाब) केलं.

आमचं मत सरळ सांगतो: या चार्टवर तुमचा कोडही टिकत नाही आणि क्यूएचाही टिकत नाही.

झेड८७.७४ म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्यांचा जन्मजात दोष होता, तो दुरुस्त झाला, आता उरला तो फक्त इतिहास. जन्मजात दोषांच्या प्रकरणाचा नियम असा आहे की दोष पूर्ण दुरुस्त झाला असेल तर इतिहासाचा कोड द्यायचा, आणि दोष अजून असेल तर वय कितीही असो, क्यू कोडच द्यायचा. 'एस/पी रिपेअर' एवढ्या शब्दांवरून यातलं काहीच ठरत नाही. ऑपरेशन झालं, इतकंच ते शब्द सांगतात. कोआर्क्टेशन हा असा दोष आहे की दुरुस्तीनंतरही जोडाच्या जागी पुन्हा आकुंचन येऊ शकतं, आणि नळी मोकळी राहिली तरी रक्तदाब वाढलेला राहू शकतो. म्हणून या मुलांना जन्मभर तपासणीला यावं लागतं. तुमचा एक झेड कोड त्या मुलाच्या नोंदीतून चालू आजार काढून टाकतो आणि पुढच्या डॉक्टरला दिसतं की हे प्रकरण मिटलेलं आहे. म्हणून 'रिपेअर' शब्द दिसला की हात आपोआप झेड८७कडे जाता कामा नये.

मग क्यूए बरोबर का नाही? त्याने आकडे पाहिले: हात आणि पाय यांच्या दाबात ३६चा फरक, इकोत ३४चा ग्रेडियंट. वीसच्या वरचा फरक लक्षणीय धरतात, हे त्याला माहीत आहे आणि ते खरंही आहे. पण त्या आकड्यांवरून निदान करण्याचा अधिकार ना कोडरला आहे ना क्यूएला. शिवाय इकोमधला ग्रेडियंट आणि कॅथलॅबमध्ये प्रत्यक्ष मोजलेला ग्रेडियंट हे दोन वेगळे आकडे असतात. इकोचा बहुधा मोठा येतो. रीकोआर्क्टेशन किंवा रेसिड्युअल कोआर्क्टेशन हे शब्द उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिले पाहिजेत. तेच रक्तदाबाचं. मूत्रपिंडाचा जुना आजार आणि रक्तदाब यांचा संबंध नियमच गृहीत धरतो. कोआर्क्टेशन आणि रक्तदाब यांचा संबंध मात्र कोणी गृहीत धरत नाही. 'कोआर्क्टेशनमुळे' किंवा 'सेकंडरी' असं डॉक्टरांनी लिहिलं तरच आय१५.८ द्यायचा.

म्हणजे हा चार्ट क्वेरीचा होता. क्वेरी कशी असावी ते इथे मराठीत मांडतो, इंग्रजीत तुम्ही कराल:

"वय १४ वर्षे. तान्हेपणी कोआर्क्टेशनची शस्त्रक्रिया. दाखल होताना रक्तदाब उजवा हात १४८/८६, पाय ११२/७०. अमुक तारखेच्या इकोत शस्त्रक्रियेच्या जागी पीक ग्रेडियंट ३४ मिमी. ॲसेसमेंटमध्ये 'एचटीएन, एस/पी कोआर्क रिपेअर' अशी नोंद. आपल्या वैद्यकीय मतानुसार महाधमनीची सध्याची स्थिती कृपया नोंदवावी: उरलेलं किंवा पुन्हा आलेलं आकुंचन / दुरुस्ती टिकून आहे, लक्षणीय आकुंचन नाही / अन्य, कृपया लिहावे / ठरवता येत नाही." त्याखाली दुसरा, स्वतंत्र प्रश्न: उच्च रक्तदाबाचं कारण प्रायमरी, सेकंडरी (कशामुळे ते लिहावं), अन्य, की ठरवता येत नाही?

यात काय नाही तेही बघा. 'हे रीकोआर्क्टेशनच आहे ना?' असं विचारलेलं नाही. कुठल्या पर्यायाने किती पैसे मिळतील, डीआरजी (बिलाचा गट) बदलेल का, याचा उल्लेख नाही. आकडे चार्टमधलेच आहेत आणि तारखेसकट आहेत. 'अन्य' आणि 'ठरवता येत नाही' हे दोन पर्याय काढले की डॉक्टरांना ढकलत नेणारी क्वेरी होते, आणि अशी क्वेरी पुढच्या ऑडिटमध्ये कंपनीच्याच अंगाशी येते. पुण्यात बसून तुम्ही त्या डॉक्टरांना फोन करणार नाही. क्वेरी टीम लीडमार्फत क्लायंटच्या सीडीआय (वैद्यकीय नोंदींची अचूकता पाहणाऱ्या) विभागाकडे जाईल. म्हणून ती चार्ट न उघडताही समजेल इतकी पूर्ण लिहा. नाहीतर ती 'माहिती अपुरी' म्हणून परत येते आणि चार दिवस फुकट जातात.

उत्तर 'पुन्हा आलेलं आकुंचन, रक्तदाब त्यामुळे' असं आलं, तर आय१५.८ आणि क्यू२५.१ दोन्ही लागतील. मुलगा रक्तदाबासाठी दाखल होता म्हणून आय१५.८ आधी. आकुंचनावर बलून करायला दाखल झाला असता तर क्यू२५.१ आधी आला असता. दुरुस्ती टिकून आहे आणि रक्तदाब प्रायमरी आहे असं उत्तर आलं, तर तुमचे मूळ कोड, झेड८७.७४ आणि आय१०, जसेच्या तसे बरोबर ठरतील, फक्त आय१० आधी. म्हणून याचं रिबटल (क्यूएच्या निर्णयावर लेखी हरकत) नक्की टाका, पण 'मी बरोबर होते' असं म्हणून नाही. 'दोन्ही कोडसंचांना आधार अपुरा आहे, क्वेरी व्हावी' अशी मागणी करा.

दुसरा चार्ट: पाच दिवसांचं बाळ, दुसऱ्या रुग्णालयातून हलवलेलं, 'इंटरप्टेड एऑर्टिक आर्च टाइप बी, व्हीएसडी' (महाधमनीची कमान तुटलेली, हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक), प्रोस्टाग्लँडिन हे औषध चालू. तुम्ही झेड३८.०१ (रुग्णालयात झालेला जन्म), क्यू२५.२, क्यू२१.० (व्हीएसडी) आणि क्यू२५.० (उघडी डक्टस, तिच्याबद्दल खाली) दिलं.

अपुऱ्या क्यू२५.२ बद्दल वर आलंच, बरोबर कोड क्यू२५.२१. टाइप ए, बी, सी यांनी कोड बदलत नाही. पण टाइप वाचायचा, कारण तो पुढचा प्रश्न विचारायला लावतो. ए म्हणजे कमान डाव्या सबक्लेवियनच्या पुढे तुटलेली, बी म्हणजे डावी कॅरोटिड आणि डावी सबक्लेवियन यांच्या मध्ये, सी म्हणजे इनॉमिनेट आणि डावी कॅरोटिड यांच्या मध्ये. टाइप बी आणि २२ क्यू ११.२ डिलीशन (२२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसणं) यांचं जवळचं नातं आहे. त्यामुळे टाइप बी दिसला की जेनेटिक्सची कन्सल्ट नोट शोधायचीच. डॉक्टरांनी 'डायजॉर्ज सिंड्रोम' लिहिलं तर डी८२.१, 'व्हेलोकार्डिओफेशियल' किंवा '२२ क्यू ११.२ डिलीशन' लिहिलं तर क्यू९३.८१. नुसता लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट असून नोटमध्ये निदान नसेल, तर पुन्हा क्वेरी. डिस्चार्जच्या वेळी 'प्रॉबेबल डायजॉर्ज' असं लिहिलेलं असेल, तर इनपेशंटमध्ये ते निश्चित निदानासारखं कोड करता येतं. ओपीडीत तसं चालत नाही. तुम्ही ओपीडीतून आला आहात, हा फरक हाताला बसायला वेळ लागतो.

झेड३८ बाळ जन्मलं त्याच रुग्णालयाने, त्याच वेळी, एकदाच द्यायचा असतो. हलवून आणलेल्या बाळाच्या चार्टवर तो येत नाही, तिथे क्यू२५.२१ पहिला. उलट बाळ त्याच रुग्णालयात जन्मलं असतं आणि तिथेच उपचार झाले असते, तर झेड३८ पहिला आणि क्यू कोड त्यामागे. मोठ्या हृदय केंद्रांत बरीच बाळं बाहेरून येतात, त्यामुळे चार्ट उघडल्यावर सगळ्यात आधी 'ॲडमिट सोर्स' बघायची सवय लावा. आईच्या गरोदरपणाच्या चार्टवर मात्र गर्भाच्या दोषाचा क्यू कोड कधीच जात नाही. गर्भाच्या हृदयात दोष असल्याची शंका आईच्या नोंदीत ओ३५.बीएक्सएक्स० सारख्या कोडने जाते.

डक्टसचं, म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी यांना जोडणाऱ्या गर्भातल्या नळीचं, जरा थांबून बघू. कमान तुटलेली असताना शरीराच्या खालच्या भागाला रक्त डक्टसमधूनच जातं, आणि प्रोस्टाग्लँडिन देतात ते डक्टस उघडी ठेवण्यासाठीच. इथे उघडी डक्टस हा उपचाराचा भाग आहे. डॉक्टरांनी पीडीए (उघडी राहिलेली डक्टस) स्वतंत्र निदान म्हणून लिहिलं असेल तर क्यू२५.० द्या, फक्त इकोच्या वर्णनात 'लार्ज पीडीए ऑन पीजीई' (पीजीई म्हणजे प्रोस्टाग्लँडिन) असेल तर त्याच्या आधारावर देऊ नका. आणखी एक जवळचा फरक: अपुऱ्या दिवसांच्या बाळात डॉक्टर 'डिलेड क्लोजर ऑफ डक्टस' म्हणतात तेव्हा कोडपुस्तकाचा इंडेक्स पी२९.३८ कडे नेतो, क्यू२५.० कडे नाही. दोन्ही वाक्यं रोज एकाच नोटमध्ये सापडतात, म्हणून शब्द जसेच्या तसे वाचा.

पीओएचा (दाखल होताना आजार होता का, याचा) रकाना: क्यू कोड पीओएच्या सूट यादीत आहेत. जन्मजात दोष दाखल होतानाच होता हे उघड आहे म्हणून 'वाय' (होय) भरायचा मोह होतो, पण सूट म्हणजे सूट.

तिसरा चार्ट लवकर संपतो. उजवी कमान, डावी सबक्लेवियन उलट्या बाजूने निघालेली, कोमेरेलचा डायव्हर्टिक्युलम (त्या धमनीच्या उगमाशी फुगवटा). तुम्ही सगळं मिळून क्यू२५.४९ दिलं. क्यूएने क्यू२५.४७ आणि क्यू२५.४८ केलं, ते बरोबर आहे. दोन दोषांना स्वतःचे कोड असताना 'इतर'मध्ये टाकायचं नाही. त्या नोटमध्ये 'व्हॅस्क्युलर रिंग' (श्वासनलिका आणि अन्ननलिकेभोवती रक्तवाहिन्यांचं कडं) हा शब्द होता का ते तुम्ही कळवलेलं नाही. असेल तर जपून: इंडेक्स महाधमनीच्या रिंगसाठी क्यू२५.४५ दाखवतो, आणि तो कोड दुहेरी कमानीचा आहे. कमान दुहेरी नसताना नुसता 'रिंग' शब्द वाचून क्यू२५.४५ लावला, तर नसलेली दुसरी कमान नोंदीत येते. अशा चार्टसाठी टीमचं लेखी धोरण मागून घ्या. सर्जनच्या बिलासाठी रिंग कापल्याचा सीपीटी (अमेरिकेतली उपचारांची कोडयादी) कोड ३३८०२ आहे, आणि कापून धमनी पुन्हा दुसरीकडे जोडली असेल तर ३३८०३.

चौथा चार्ट ४६ वर्षांच्या माणसाचा. बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह (महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या), ॲसेंडिंग एऑर्टा (महाधमनीचा वर चढणारा भाग) ४.३ सेंटीमीटर, 'डायलेटेड' (रुंदावलेली). तुम्ही क्यू२५.४४ दिलं. तुमचा तर्क असा होता की झडप जन्मजात, म्हणून रुंदावणंही जन्मजात. तर्क चुकीचा नाही, पण तो डॉक्टरांनी लिहायला हवा होता. 'कंजेनिटल' शब्द नसेल तर रुंदावलेली छातीतली महाधमनी इंडेक्समधून आय७७.८१० ला जाते. डॉक्टरांनी 'अन्युरिझम' म्हटलं तर ॲसेंडिंग भागासाठी आय७१.२१. सेंटीमीटर वाचून डायलेशनचा अन्युरिझम आपण करायचा नाही. बायकस्पिड झडपेला आता स्वतंत्र क्यू२३.८१ आहे, जुन्या याद्यांत ती क्यू२३.१ खाली सापडेल. कोडसंच १ ऑक्टोबरला बदलतो, कधी १ एप्रिललाही छोटी भर पडते, आणि इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या तारखेचा संच लागू होतो. डेस्कवर चिकटवलेल्या यादीवर कोणत्या वर्षाची ते लिहून ठेवा.

याच कुटुंबातले आणखी तीन शब्द नेहमी घोटाळा करतात, म्हणून एकत्र सांगतो. महाधमनीची वाट झडपेवरच अरुंद असेल तर क्यू२३.०, झडपेच्या वर असेल तर क्यू२५.३, झडपेच्या खाली असेल तर क्यू२४.४. नोटमध्ये नुसतं 'एएस' (एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हा अरुंदपणा) असतं आणि इकोमध्ये नेमकी जागा असते. झडपेच्या वरचा प्रकार दिसला की विल्यम्स सिंड्रोमची नोंद (क्यू९३.८२) आहे का बघा. मुलीत कोआर्क्टेशन दिसलं की टर्नर सिंड्रोम (क्यू९६ गट) आहे का बघा. मारफान सिंड्रोममध्ये महाधमनी रुंदावलेली असेल तर क्यू८७.४१० मध्ये दोन्ही गोष्टी येतात. आणि हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टमध्ये (हृदयाची डावी बाजू अविकसित) महाधमनी बारीक असतेच, म्हणून क्यू२३.४ बरोबर क्यू२५.४२ देता येत नाही, तिथे 'एक्सक्लूड्स वन' (दोन्ही कोड एकत्र नकोत) ही टीप आहे. त्या मुलांची टप्प्याटप्प्याची ऑपरेशनं ही दुरुस्ती नसते, रक्ताला दुसरी वाट करून देणं असतं. त्यामुळे तीन ऑपरेशनं झाली तरी क्यू२३.४ कायम राहतो. पहिल्या चार्टचाच नियम इथे आणखी ठळक दिसतो.

तुमची टीम सर्जनची बिलंही करते असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून ऑपरेशन नोट कशी वाचायची तेही सांगायला हवं. वरचं 'प्रोसिजर परफॉर्म्ड' शीर्षक वाचून कोड लावू नका. ते बहुधा ऑपरेशनआधी टेम्पलेटमधून आलेलं असतं आणि टेबलावर बेत बदललेला असतो. खालच्या मजकुरात चार गोष्टींवर बोट ठेवा: छाती कुठून उघडली (डाव्या बाजूने की मधलं हाड कापून), बायपास मशीन लावलं का, अरुंद भाग कापून काढला का, आणि मोकळी जागा कशाने भरली. कापून दोन टोकं थेट जोडली तर सीपीटी ३३८४०. मध्ये ग्राफ्टची नळी घातली तर ३३८४५. सबक्लेवियनची पट्टी किंवा कृत्रिम पॅच लावून रुंद केलं तर ३३८५१. कमानच बारीक किंवा तुटलेली असून ती पॅच वगैरे साहित्याने उभी केली, तर बायपासशिवाय ३३८५२ आणि बायपाससह ३३८५३. कोआर्क्टेशनच्या पहिल्या तीन कोडमध्ये डक्टस धरलेली आहे. सर्जनने जाता जाता डक्टस बांधली म्हणून ३३८२० वेगळं लावलं तर ते एकाच कामाचे दोनदा पैसे मागणं होतं, आणि ऑडिटर ते लगेच पकडतो.

कॅथलॅबमधली कामं वेगळी. २०२२ पासून स्टेंटसाठी ३३८९४ आणि ३३८९५ आहेत. स्टेंट मोठ्या फांदीच्या तोंडावरून गेला तर पहिला, गेला नाही तर दुसरा. नुसता बलून फुगवला तर ३३८९७, मूळ आकुंचनाला आणि पुन्हा आलेल्याला एकच. त्याच जागी स्टेंटआधी फुगवलेला बलून वेगळा धरत नाहीत. फांदीचा तपशील कार्डिओलॉजिस्ट बऱ्याचदा लिहीत नाहीत. 'स्टेंट डिप्लॉइड ॲट इस्थमस' एवढंच असतं. तिथे अंदाज करू नका, विचारा. रुग्णालयाच्या बाजूला सीपीटीऐवजी पीसीएस ही प्रक्रियांची कोडयादी येते आणि तिथे मूळ क्रियेला महत्त्व: बलूनने किंवा स्टेंटने उघडलं तर डायलेशन, तुकडा कापून टोकं जोडली तर एक्सिजन (जोडणं वेगळं कोड होत नाही), पॅच लावून वाढवलं तर सप्लिमेंट.

वयस्क रुग्णांच्या चार्टमध्ये एक जुनी गोष्ट भेटेल. पूर्वी कोआर्क्टेशनला डेक्रॉनचा पॅच लावत आणि वर्षानुवर्षांनी त्याच्या समोरची भिंत फुगत असे. डिस्चार्ज समरीत 'अन्युरिझम ॲट कोआर्क रिपेअर साइट' दिसलं तर क्यू२५.४३ लावू नका, ते जन्मजात नाही. आय७१च्या गटात जागेप्रमाणे शोधा आणि शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध डॉक्टर मानतात का, हे विचारा.

मामेबहिणीसाठीही दोन शब्द, कारण तिचं काम तुमच्यापेक्षा रुग्णाच्या जास्त जवळचं आहे. तिच्या पुस्तकात क्यू२५.४ पुरतो, पण डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी 'डबल आर्च' किंवा 'राइट आर्च' असे पूर्ण शब्द लिहिले आहेत ना, ते तिने पाहावं. मूल पुढे दुसऱ्या शहरात, दुसऱ्या सर्जनकडे जाईल तेव्हा कामाला शब्दच येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आलेल्या मुलाच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा फक्त 'सीएचडी' (जन्मजात हृदयदोष) असतं. त्यावरून क्यू२४.९ टाकून मोकळं होऊ नये. इको झाल्यावर निदान नेमकं होतं. विम्याच्या कागदांवर 'कंजेनिटल' शब्द आला की घरचे घाबरतात. विमा नियामकाच्या व्याख्येत बाहेरून दिसणारे आणि आतले असे जन्मजात दोष वेगळे केले आहेत. महाधमनीचा दोष आतला. टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर नुसतं 'जन्मजात विकृती' न लिहिता 'इंटर्नल कंजेनिटल ॲनॉमली' आणि दोषाचं पूर्ण नाव लिहिलं, तर पुढचे बरेच खुलासे वाचतात.

क्वेरी किती पाठवाव्यात, याला आकडा नाही. पण टीम लीडशी बोलताना हे मांडा: क्लायंट नाराज होतो तो चार्टमध्ये उत्तर असताना गेलेल्या क्वेरीमुळे. इको, कॅथ रिपोर्ट, ऑपरेशन नोट, कन्सल्ट नोट आणि डिस्चार्ज समरी ही पाच कागदं वाचूनही दोषाची जागा, प्रकार किंवा 'दुरुस्त झाला की उरला आहे' हे कळलं नाही, तरच क्वेरी. तुमच्या चारपैकी पहिल्या चार्टला ती नक्की लागली असती, दुसऱ्याला जेनेटिक्सची नोट सापडली नसती तर लागली असती. तिसऱ्या आणि चौथ्याला गरज नव्हती, तिथे चार्टमधलेच शब्द पुरेसे होते.

रिबटलची मुदत कंपनीप्रमाणे वेगळी असते, तुमची किती दिवसांची आहे ते आजच बघा. पहिल्या चार्टचं रिबटल आधी टाका, सोबत वरची क्वेरी जोडा, आणि दोन्ही रक्तदाब व इकोची तारीख पहिल्याच ओळीत येऊ द्या.